शेवटच्या पंगतीचा सिनेमा

माझा धंदा मराठी सिनेमे थिएटरला लावण्याचा. बनवण्याचा नाही हो, लावण्याचा. लोकांना वाटतं सिनेमा बनला की आपोआप लागतो. कसला आपोआप! पोरीचं लग्न जमवताना झिजत नाहीत तेवढ्या चपला एका संध्याकाळच्या शोसाठी झिजतात. दादरला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल आहे. ऑफिस म्हणत नाही, कारण खोली दुसऱ्याची आहे, टेबल तेवढं माझं. तिथे बसून मी वीस-बावीस वर्षं फोनवर भांडतेय. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या मार्केटला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावरच माझं चाललंय.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगत नाही. मी सिनेमे बघत नाही. शो सुरू झाला की पडद्याकडे पाठ करून दाराशी उभी राहते आणि खुर्च्यांवरची डोकी बघते. किती आलेत, कुठे हसतात, मध्यंतरानंतर परत येतात का. हलवायाला पेढा गोड लागत नाही, तसंच हे.

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, आणि मोरी आतच. त्यामुळे चाळीतल्या पुरुषमाणसांची एक रीत होती. दार सताड उघडं असलं तरी आत शिरण्याआधी गॅलरीत थांबून खाकरायचं. आत कोणी आंघोळ करत असेल, कोणी साडी बदलत असेल. आतून कोणी "थांबा" म्हणालं नाही, की मग यायचं. माझे वडील आधी बारीक खाकरायचे, मग क्षणभर थांबून एकदा मोठ्यानं. गिरणीत होते तेव्हा तसंच, गिरणी बंद पडून इस्पितळात लिफ्टवर लागले तेव्हाही तसंच. ते पहिलं बारीक खाकरणं ऐकलं की आई म्हणायची, "इले." आम्ही मालवणकडचे, इले म्हणजे आले. आणि घरात जी एकुलती एक खुर्ची होती, तिच्यावर आईची पिशवी असो, निवडायची भाजी असो, ती उचलून आई स्वतःच्या मांडीवर घ्यायची. मग वडील येऊन त्या खुर्चीत बसायचे. पन्नास वर्षं हे रोज चाललं. त्यात प्रेमबिम आहे असं आम्हा भावंडांना कधी वाटलंसुद्धा नाही.

चाळ पाडून टॉवर होणार हे पक्कं झालं, तेव्हा वरच्या मजल्यावरचा एक जण आमच्या घरी आला. सिरियलींमध्ये सहायक दिग्दर्शक म्हणून दहा वर्षं घासलेला, केस विरळ झालेला, अजून स्वतःचं काही न केलेला. म्हणाला, "चाळ पडायच्या आधी इथे सिनेमा करायचाय. खरी चाळ, खरी माणसं. पण निर्माता मिळत नाही."

जमलेल्यांना मी तिथेच सांगितलं. "काका, मामी, सगळ्यांनी ऐका. मी या धंद्यातली आहे म्हणून सांगते. सिनेमात पैसे घालू नका. समुद्रात घाला, निदान नारळ तरी परत येतो."

कोण ऐकतंय! आमच्या लोकांना गुंतवणूक हा शब्द कळत नाही, वर्गणी कळते. गणपतीला जशी काढतात तशी वर्गणी काढली. पावतीपुस्तक छापलं. ज्याला जे जमलं ते त्यानं दिलं. वडिलांनी पैसे दिलेच, वर शूटिंगला आमची खोली पण दिली. मी तडकले, तर शांतपणे म्हणाले, "मी सिनेमात पैसे घालूक नाय गो. मी खोलीचो फोटो काढून घेतंय."

शूटिंगच्या वेळी आमच्या खोलीत हिरॉईन तांदूळ निवडत बसली होती. आईचंच सूप, आईचेच तांदूळ. दिग्दर्शकानं वडिलांना सांगितलं, "काका, तुम्ही फक्त गॅलरीतून चालत जायचं. काही करायचं नाही." वडील चालत आले, आणि सवयीनं दाराशी थांबून खाकरले. आधी बारीक, मग मोठ्यानं. मग आत बघतात तर आईच्या जागी बाई भलतीच! इतके ओशाळले म्हणून सांगू. मान खाली घालून पुढे निघून गेले. सगळं युनिट हसलं. दिग्दर्शकानं तो शॉट तसाच ठेवला. आठ सेकंदांचा असेल.

शूटिंग संपलं आणि चार महिन्यांनी वडील गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास न देता. त्यानंतर चाळ पडली. आई माझ्याकडे आली, परळच्या भाड्याच्या जागेत. फोटो होते वडिलांचे, पण सगळे लग्नातले, ताठ उभे राहिलेले, न हसणारे. चालणारे-फिरणारे वडील जगात एकाच ठिकाणी उरले होते, त्या आठ सेकंदांत. आईला ते बघायचे होते. मी म्हटलं, चल, लॅपटॉपवर दाखवते, प्रत माझ्याकडेच आहे. आईनं हात जोडले. "त्या डब्यात नको. त्यांनी थेटरासाठी पैसे दिले. थेटरात बघीन, चार माणसांत."

म्हणजे आता सिनेमा मला लावायलाच हवा होता. लावला. लोअर परळचा मॉल, दादर आणि गिरगाव, तीन ठिकाणी एकेक शो मिळवला. परळला संध्याकाळी सातचा. मराठी सिनेमाला सातचा शो! मी स्वतःवरच खूश होते. पण धंद्याचं गणित साधं असतं. शुक्रवार, शनिवार, रविवार. या तीन दिवसांत माणसं आली तर सोमवारी तुम्ही जिवंत, नाही तर दुसऱ्या कोणाचा तरी सिनेमा तुमच्या खुर्चीवर बसतो.

शुक्रवारी साडेसहाला मी परळच्या थिएटरला पोचले आणि माझे डोळेच फिरले. बाहेर आमची अख्खी चाळ उभी. बायका ठेवणीतल्या साड्यांत, पुरुष कडक इस्त्रीत. एकीच्या हातात गुलाबदाणी, दुसरीकडे पेढ्यांचं ताट. आणि येणाऱ्या प्रत्येकाला "या, या, या" करून आत सोडणं चालू. कोणीतरी माझ्या हातात एक पत्रिका दिली. हो, पत्रिका! आमच्या लोकांनी मला न सांगता लग्नासारखी पत्रिका छापून डोंबिवली, विरार, पनवेलपर्यंत वाटली होती. आमच्या चाळीच्या सिनेमाचा शुभारंभ, तरी सहकुटुंब यावे, मुहूर्त शुक्रवार सायंकाळी सात. खाली मोठ्या अक्षरांत, आहेर आणू नये.

आता पत्रिका मिळालेला माणूस तिकीट काढेल का? तो येऊन उभा राहतो आणि विचारतो, कुठे बसू? मग यजमान धावत खिडकीवर जाऊन त्यांची तिकिटं काढत होते. पाहुणे पाकिटं पुढे करत होते, यजमान "नको, नको" करत होते. आत शो हाऊसफुल्ल, आणि ज्यांनी सिनेमाला पैसे दिले ते सगळे बाहेर.

"तुम्ही आत का जात नाही?" मी ओरडले.

माझ्या आईनं मला बाजूला घेतलं. तिच्या हातातलं तिकीट मी स्वतः काढलेलं, मधल्या रांगेतलं. ते तिनं कुडाळहून आलेल्या कोणा चुलत नणंदेला देऊन टाकलं होतं. "गो, घरचं कार्य आहे. पाहुणे आधी. आपण शेवटच्या पंगतीला."

"आई, इथे पंगती नसतात!"

"माका घाई नाय," ती म्हणाली आणि पुढच्या पाहुण्याला पेढा दिला.

शो सुटला. लोक डोळे पुसत बाहेर आले. जो तो आईपाशी. वहिनी, दादा दिसले हो! मामी, मामांनी अगदी तसंच केलं, दाराशी येऊन! आई सगळ्यांना "हो का, हो का" म्हणत होती आणि तिचं तोंड उजळलं होतं. मी दोन वर्षांत तिला असं बघितलं नव्हतं. त्यामुळे तिच्यावर रागावायचं राहून गेलं. म्हटलं, उद्या दाखवू.

शनिवारी काय झालं? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जे होतं तेच. यजमान पाय सुजवून झोपले. परगावचे पाहुणे घरात उतरलेले, त्यांना स्टेशनवर सोडायचं, वाटेला डबे द्यायचे. आईनं सकाळपासून तीस माणसांची घावनं घातली. आणि ज्यांनी सिनेमाला यायचं ते तर सगळे शुक्रवारी एकाच मुहूर्तावर येऊन गेलेले. शनिवारच्या शोला बारा माणसं. बारा! लग्न एकदाच लागतं, सिनेमा रोज लागावा लागतो, हे मी कोणाला सांगणार होते?

रविवारी मी संध्याकाळी पाच वाजता आईला म्हटलं, "चल, साडी नेस." तर म्हणे आज जमायचं नाही. का? तर सिनेमाला यश यावं म्हणून सगळ्या वर्गणीदारांनी मिळून आमच्याच घरी सत्यनारायण घातला होता. किती वाजता? सात वाजता!

पूजा चालू असताना मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचे बघायला आले. "तिथे खुर्च्या रिकाम्या आहेत आणि तुम्ही इथे शिरा वाटताय! देव काय तिकीट काढून जाणार आहे?" भटजीही थांबले. मग एक म्हातारे काका, वडिलांच्याच खात्यात गिरणीला होते ते, हळूच म्हणाले, "पोरी, आम्हांला काय माहीत असणार. आम्ही कधी मालक झालो होतो?" मी खाली बसले आणि वाटीभर शिरा खाल्ला.

सोमवारी सकाळी तिन्ही ठिकाणचे शो गेले.

मी परळच्या मल्टिप्लेक्सच्या बुकिंगवाल्या पोरीला फोन लावला. तीसुद्धा मराठीच, डोंबिवलीची. "ताई, मी काय करू? आकडेच नाहीत." मी चिडून बघितलं, गोड बोलून बघितलं. शेवटी खरं सांगितलं. म्हटलं, "माझ्या आईनं बघितला नाहीये गं. माझे वडील आहेत त्यात." फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "सकाळी अकरा ते एकच्या मध्ये एक फट आहे, पुढच्या शुक्रवारपासून. एक आठवडा देते. पण तुमचा सिनेमा लांब आहे. अकरा मिनिटं कमी करा, तर बसवते."

मी तिला आशीर्वाद दिले आणि लगेच दिग्दर्शकाला फोन केला. अकरा मिनिटं काढ, आजच्या आज. सेन्सॉरचे नवे कागद करायला वेळ जातो. तो रडकुंडीला आला. "ताई, कुठून काढू? सगळं गच्च बांधलंय."

"गॅलरीतली ये-जा काढ," मी म्हटलं. "तिथे काही घडत नाही."

तो म्हणाला, "नक्की ना, ताई? गॅलरीतली?"

"नक्की. अरे वेळ नाहीये, काप!"

त्यानं कापलं. मी धावपळ करून कागद करून घेतले, नवी प्रत थिएटरला पोचवली. बघितली नाही. मी सिनेमे बघत नाही ना! त्या आठवड्यात मी दहा जणांशी भांडले, दोन ठिकाणी पोस्टरं लावून घेतली, वर्गणीदारांना घरोघर जाऊन दम दिला की आता पाहुणे बंद, स्वतः या, तिकीट काढून या.

शुक्रवारी सकाळी आई आणि मी चालतच निघालो. आईनं वडिलांनी घेतलेली हिरवी साडी नेसली होती. कापडी पिशवीत शाल घेतली होती, एसीची थंडी वाजते म्हणून. आत वीसेक माणसं होती, बहुतेक आमचीच. म्हातारे काकासुद्धा आले होते, तिकीट शर्टाच्या खिशात वर दिसेल असं ठेवून. आई मधल्या रांगेत बसली, मी तिच्या डाव्या हाताला. उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर तिनं पिशवी ठेवली. मी नेहमीसारखी दाराकडे जायला उठले, तर तिनं माझं मनगट धरलं. "बस हय."

बसले. किती वर्षांनी मी पडद्याकडे तोंड करून बसले होते.

सिनेमा सुरू झाला. आमची चाळ समोर आली, जिन्यासकट, नळासकट. मागे कोणीतरी हुंदका दिला. सिनेमा बघितला नसला तरी पटकथा मी वाचली होती, पहिल्या दहा-बारा मिनिटांत गॅलरीत पापड वाळत घालणाऱ्या दोघी बायका यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत. मग बादली घेऊन जाणारा एक जण होता. तोही आला नाही. मला एकदम सगळं कळलं. गॅलरीतली ये-जा. तिथे काही घडत नाही. विचारलंसुद्धा होतं त्या बिचाऱ्यानं, नक्की ना, ताई? माझ्या वडिलांचं तेवढं ठेव, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? आईला एक शो मिळावा म्हणून मी जे केलं, त्यातच मी त्यांना काढून टाकलं होतं. माझ्याच तोंडानं.

मला आईला घेऊन पळून जावंसं वाटलं. म्हणावं, आई, चल, मला चक्कर येतेय. लॅपटॉपवर जुनी प्रत होती, पण ती दाखवताना काय सांगणार होते? की पडद्यावरून त्यांना मीच हाकललं? आई टक लावून समोर बघत होती. हात मांडीवर, जसे पूजेला बसताना ठेवते तसे.

आमची खोली आली. हिरॉईन तांदूळ निवडत होती. सूप आईचं. मागे फळीवर आमचे डबे. मी डोळे मिटून घेतले. आता हा शॉट संपेल, पुढचा दादर स्टेशनाबाहेरचा येईल, आणि आई माझ्याकडे वळून विचारेल, खंय गेले?

तेवढ्यात दाराबाहेरून कोणीतरी खाकरलं. आधी बारीक. मग क्षणभर थांबून मोठ्यानं.

खाकरण्याचा आवाज खोलीतल्या शॉटवर होता. कापली होती ती नुसती गॅलरी.

मी डोळे उघडले. पडद्यावर हिरॉईनच होती, सूप पाखडत. वडील कुठेच नव्हते. पण माझ्या शेजारी आई हळूच, रोजच्या आवाजात म्हणाली, "इले."

आणि तिनं उजवीकडच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी रडले. तोंडावर पदर धरून, आवाज दाबून, पण भरपूर रडले. पडद्यावर दादर आलं, भाजीवाले आले, आईनं वळून काहीही विचारलं नाही. ती सिनेमा बघत राहिली, हसण्याच्या जागी हसली सुद्धा.

जरा वेळानं एक गृहस्थ अंधारात चाचपडत आमच्या रांगेत आले. साठीचे असतील, हातात जवळच्याच इस्पितळाचा मोठा लिफाफा. रिपोर्ट मिळायला वेळ असेल म्हणून आलेले असणार, परळला अशी माणसं येतात. मोबाइलच्या उजेडात त्यांनी तिकीट बघितलं, खुर्चीचा नंबर बघितला आणि अदबीनं म्हणाले, "मावशी, ही माझी सीट आहे वाटतं."

जवळजवळ अख्खं थिएटर रिकामं होतं, पण माणूस नियमाचा. मी उठून त्यांना माझी जागा देणार होते. आईनं जन्मभर दुसऱ्याला जागाच दिली होती. पाहुण्याला, नणंदेला, गाडीत चढलेल्या कोणालाही. मला वाटलं, आत्ताही ती सरकेल.

आईनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली आणि दुसरा हात त्या रिकाम्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

"नाय हो," ती म्हणाली. "हय माणूस आसा. तुम्ही पलीकडे बसा."

त्यांनी एकदा त्या खुर्चीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग "बरं, बरं" म्हणून एक खुर्ची सोडून पलीकडे बसले.